जुन्या बंगल्याचं हॉटेल, त्यातली मडम आणि पाटीवरचा वेलस्ली: खरं किती?

माहेर_अमरावती
नमस्कार मंडळी. सध्या पुण्यात असते. डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत, म्हणून आम्ही सगळी भावंडं मिळून दोन रात्री कुठेतरी राहायचं म्हणतोय. बहिणीने एक जुना बंगला शोधलाय, परतवाड्याकडून चिखलदऱ्याला जाताना घाट लागायच्या आधी, रोडपासून आत, संत्र्याच्या बागेत. मोठा व्हरांडा, उंच छत, हल्लीच हॉटेल केलंय. नाव मुद्दाम देत नाही आणि ओळखलंत तरी इथे लिहू नका प्लीज.

अडचणी दोन आहेत. एक म्हणजे आईने रिव्ह्यू वाचले. कोणाला रात्री व्हरांड्यात पांढऱ्या गाऊनमधली गोरी मडम दिसली, कोणाला छतावर पावलं ऐकू आली, कोणाच्या छातीवर कोणी बसलं, कोणाला बंद खोलीत कर्र कर्र आवाज आला. हॉटेलवाले वर रात्रीचा 'हॉरर वॉक' पण विकतात, तिकीट लावून. आई म्हणते मी काय पन्नास वर्षं संसार करून मडमेच्या हवाली व्हायला येऊ का.

दुसरी अडचण बाबा. इतिहासाचे शिक्षक होते. हॉटेलच्या पाटीचा फोटो पाठवला तर ती अशी आहे: "सन १८०३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर जनरल वेलस्ली यांच्या वास्तव्यासाठी बांधलेला व पुढे मालगुजार घराण्याकडे आलेला ऐतिहासिक बंगला." बाबा म्हणाले एका वाक्यात चार चुका आहेत, त्या शोधल्यात तर येतो. सांगायला तयार नाहीत. जन्मभर पोरांना छळलं तसंच.

तर सांगा, चुका कोणत्या, भूत कोणतं आणि बुक करू की नको.

तर्रीबाज
काकांना माझा साष्टांग. मी पहिल्या बाकावर बसलो आहे.

परतवाड्याचा_भाऊ
ओळखला ओळखला! नाव नाही सांगत ताई, घाबरू नका. आमच्या घरून गाडीनं पंधरा-वीस मिनिटाचा रस्ता हाय. मी तं लहानपणी तथी संत्रा चोरायले जात होतो. तवा हॉटेल नव्हतं, नुसता कुलूप लावलेला बंगला, कवेलू फुटलेले, वानरं नाचून राहिले वरते. मडम-बिडम काई नाही पाह्यली बाप्पा. चौकीदार पाह्यला, त्याच्या हातात काठी होती, ते मात्र अजून आठवते.

जुनी_कागदं
काकांचा पेपर सोडवतो.

१८०३ मध्ये वेलस्ली, म्हणजे इंग्रज फौजेचा सेनापती, या भागात होता हे शंभर टक्के खरं. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, मग गाविलगडाला वेढा आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग तिथेच लढता लढता मारला गेला. पण वेढ्यात स्वतः वेलस्ली दक्षिणेकडे पायथ्याला देवगावला होता आणि उत्तरेकडून लबाडा गावाच्या बाजूने तोफा चढवायचं हाडं मोडणारं काम इंग्रजांच्याच कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने केलं, डोंगरातून वाट काढत काढत. १७ डिसेंबरला देवगावलाच रघूजी भोसल्यांशी तह झाला. म्हणजे हा माणूस इथे काही आठवडे होता, तोही छावणीत, तंबूत. त्याच्यासाठी बंगला कोण आणि कधी बांधणार? ही झाली चूक नंबर एक, तुम्ही हिच्या दोन पण करू शकता, बांधणीचं साल एक आणि वास्तव्य एक.

पुढची चूक मोठी आहे आणि अर्ध्या विदर्भाला ती चूक वाटतच नाही. देवगावच्या तहात वऱ्हाड इंग्रजांना मिळालाच नाही. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला निजामाकडे. इंग्रजांनी स्वतःकडे कटक-बालासोर घेतलं. गाविलगड आणि नरनाळा तर भोसल्यांकडेच राहिले! वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला १८५३ ला, निजामाच्या कर्जापायी. कायमचा पट्टा १९०२, मध्यप्रांताला जोडला १९०३.

नागपूरकर_काका
उत्तम. चौथी मी सांगतो, मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार. मालगुजारी आमच्याकडे, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या मध्यप्रांताच्या जिल्ह्यांत. वऱ्हाडात रयतवारी होती, खातेदार सारा थेट सरकारात भरायचा. तिथे देशमुख, पाटील सापडतील, यवतमाळकडे इजारदार सापडतील. मालगुजार नाही. हल्ली विदर्भात जुना वाडा दिसला की लावली पाटी 'मालगुजारी वाडा'. पर्यटकांना भारदस्त वाटतं.

जुनी_कागदं
काका, अर्धाच मार्क देतो. घराणं वर्धेच्या पलीकडचं मालगुजार असेल आणि त्यांनी इथे बाग आणि बंगला विकत घेतला असेल तर? पाटीवर 'मालगुजार घराण्याकडे आलेला' आहे, 'मालगुजारीतला' नाही. १९५०-५१ ला मालगुजारी गेल्यावर बऱ्याच लोकांनी पैसा इकडे-तिकडे बागायतीत गुंतवला.

नागपूरकर_काका
'बऱ्याच लोकांनी' म्हणजे कोणी? पुरावा द्या.

जुनी_कागदं
पुरावा भूमी अभिलेखच्या कार्यालयात आहे, जुने फेरफार काढा म्हणजे दिसेल कोणाच्या नावावर कधी चढलं. मी इथे मुंबईत बसून काय देऊ.

शंकासुर
इतिहास बरा चाललाय, पण ताईंचा मूळ प्रश्न भुताचा आहे. माझं मत थोडक्यात: आधी हॉरर वॉकचं तिकीट छापलं आणि मग मडम मेली.

तर्रीबाज
😂😂 वाखू (वाचनखूण) साठवली.

घाबरट_मांजर
हसू नका. माझे वडील पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, दौऱ्यावर एका जुन्या रेस्ट हाऊसला उतरले, गडचिरोलीकडे. रात्री उशीर झालेला, लाइट गेलेली. पांढरे कपडे घातलेला म्हातारा खानसामा कंदील घेऊन आला, चहा दिला, अंथरूण घालून दिलं. सकाळी चौकीदाराला म्हणाले तुमचा खानसामा फार अदबीचा माणूस आहे. चौकीदार म्हणाला साहेब इथे खानसामा नाही, होता तो कधीचाच वारला. वडील खोटं बोलणारे नव्हते.

तर्रीबाज
मांजरताई, तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून... हा खानसामा माझ्या मामाला पचमढीला भेटला, मित्राच्या सासऱ्यांना महाबळेश्वरला भेटला आणि ऑफिसातल्या एकाच्या काकांना आंबोलीला. देशातल्या प्रत्येक डाक बंगल्यावर ड्युटी करतो बिचारा. टीए-डीए तरी मिळतो का त्याला?

घाबरट_मांजर
ठीक आहे. तुमच्या मामांना पण भेटला ना? मग मी काय वेगळं सांगतेय!

तर्रीबाज
...हा मुद्दा मला सुचला नव्हता.

गर्डर_गुरू
स्थापत्यवाला आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. ताई, पाटी सोडा, बंगल्यालाच विचारा. छत कसं आहे? लोखंडी गर्डर आणि मधे विटांच्या बुटक्या कमानी असतील तर गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, चुन्याखाली दडलेलं. खरवडलं की दिसतं. कौलं मंगलोरी असतील तर त्यांच्या पाठीवर पण छाप असतो. मंगलोरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा, त्याच्या आधीचं मंगलोरी कौल असूच शकत नाही. अर्थात कौलं नंतर बदलता येतात, गर्डर बदलणं म्हणजे घरच पाडणं.

माहेर_अमरावती
@गर्डर_गुरू, बहीण मागच्या महिन्यात बघून आली तेव्हा डायनिंग हॉलचे फोटो काढले होते. झूम करून बघितले. देशी कवेलू फक्त मागच्या स्वयंपाकघरावर आहेत. पुढे गर्डर आहेत, एकावर अक्षरं दिसतात: 'डॉर्मन लाँग'.

गर्डर_गुरू
झालं काम. ही इंग्लंडमधल्या मिडल्सबरोची कंपनी १८७५ ची. म्हणजे हे छत त्यानंतरचंच. माझा अंदाज, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा बंगला. १९१२ पासून टाटांचे गर्डर यायला लागले, त्यामुळे सरकारी कामांत पुढे पुढे ते जास्त दिसतात.

शंकासुर
आणि वेलस्ली वारला १८५२ ला. म्हणजे तो इथे राहिला असेल तर भूत मडमेचं नाही, त्याचंच.

परतवाड्याचा_भाऊ
हा हा हा. अबे जनरलच्या भुताले गाऊन घालून राहिले हॉटेलवाले!

जुनी_कागदं
गर्डर गुरूंचा अंदाज बसतो. चिखलदरा कॅप्टन रॉबिन्सनने हेरला १८२३ ला, पण वऱ्हाडचे साहेब लोक उन्हाळ्यात तिथे नेमाने जायला लागले ते कारभार हातात आल्यावर. पुढे मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज झाली, आपली शकुंतला. म्हणजे मंडळी रेल्वेने अचलपूरला उतरणार, तिथून बैलगाडी नाहीतर टांगा, आणि घाट चढायच्या आधी एक मुक्काम. पायथ्याशी असे मुक्कामाचे बंगले असणारच. यात कुठे लढाई नाही, तह नाही, बायकापोरं आणि ट्रंका घेऊन थंड हवेला निघालेले कारकुनी साहेब आहेत. पाटीवर हे लिहिलं तर तिकीट कोण घेईल?

नागपूरकर_काका
अवांतर: शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती. मी तिच्यातून गेलो आहे. उतरून लघुशंका करून पुन्हा पकडता येत असे.

परतवाड्याचा_भाऊ
काका, आमच्याइकडं लोक चालत्या शकुंतलेतून उतरून हरभरा सोलून आणत. आता बंदच पडली बिचारी.

हिंगणघाटी
भुताचा विषय निघाला आणि साहेब लोकांचा निघाला म्हणून सांगतो. आमच्या हिंगणघाटला कर्नल लॅम्ब्टनची कबर आहे. तोच, ज्याने मद्रासकडून भारताची मोजणी सुरू केली, ज्याच्या मागून शिखराला नाव असलेला तो एव्हरेस्ट साहेब आला. हैदराबादकडून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ ला वाटेतच गेला. लहानपणी आम्हाला सांगायचे की तिकडे संध्याकाळी जाऊ नका, गोरा साहेब साखळी ओढत फिरतो. साखळी! मोठा झाल्यावर वाचलं की त्याची मोजणी खरंच लोखंडी साखळीने व्हायची. गावाला लॅम्ब्टन माहीत नाही, सर्व्हे माहीत नाही, साखळी मात्र बरोब्बर लक्षात.

शंकासुर
किंवा प्रत्येक भूत साखळी ओढतं म्हणून ओढत असेल.

हिंगणघाटी
असेल. पण मला माझं आवडतं.

रानपिंगळा_उडाला
पक्षीवाला आहे, मेळघाटात नेहमी जातो. छतावरची पावलं: ९०% उदमांजर. रात्री आढ्यावरून चालतं तेव्हा माणूस बूट घालून फिरतोय असं वाटतं, आणि संत्र्याच्या बागेत तर त्याची दिवाळी. रडणारी बाई ऐकू आली असेल तर: करवानक. जमिनीवरचा पक्षी, मोठे पिवळे डोळे, दिवसा ढेकळात दिसतही नाही आणि रात्री एकाने सुरू केलं की चढत जाणाऱ्या शिट्ट्या, मी मी म्हणणाऱ्याचं पाणी होतं. किंकाळी असेल तर गव्हाणी घुबड, ते पांढरं असतं हेही लक्षात घ्या, कंदिलाच्या उजेडात व्हरांड्यातून आवाज न करता उडालं तर तुम्हाला गाऊनच दिसेल.

अवांतर पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. घुबडांत या भागाचा खरा मान रानपिंगळ्याचा. शंभराहून जास्त वर्षं कोणाला दिसला नाही, संपला असंच धरलं होतं, १९९७ ला खानदेशात शहाद्याकडे पुन्हा सापडला आणि मग मेळघाटात बऱ्यापैकी निघाले. गेलेलं परत आलं म्हणतात ते हे.

माहेर_अमरावती
हे सगळं आईला वाचून दाखवतेय. करवानकाचा आवाज तिला फोनवर ऐकवला तर म्हणाली बंद कर आधी. छातीवर बसणारं काय आहे ते पण सांगा कोणीतरी, त्यालाच ती जास्त घाबरते.

कुंदा_डॉक्टर
मी सांगते, आणि हे जरा गंभीरपणे घ्या. ते रिव्ह्यू कोणत्या महिन्यातले आहेत बघा. डिसेंबर-जानेवारीत पायथ्यालाही चांगली थंडी असते आणि जुन्या बंगल्यांत हॉटेलवाले 'पारंपरिक' म्हणून कोळशाची शेगडी खोलीत ठेवून देतात. दारं-खिडक्या बंद, कोळसा धुमसतोय, कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, छाती दाबल्यासारखी वाटते, गोंधळल्यासारखं होतं, कोणी खोलीत आहे असं वाटू शकतं. सकाळी हवेत आलं की उतरतं म्हणून लोक म्हणतात, बघा, उजाडताच भूत गेलं. आणि कधी कधी सकाळ होतच नाही, थंडीत अशी अख्खी कुटुंबं गेल्याच्या बातम्या येतात. ताई, तुमच्याबरोबर दोन वयस्कर माणसं आहेत. शेगडी खोलीत आली तर बाहेर काढायला लावा, जास्तीच्या रजया मागा.

शेगडी नसतानाही छातीवर बसल्यासारखं होतं, ते वेगळं. झोपेतून मेंदू जागा होतो आणि शरीर काही क्षण हलत नाही. घाबरवणारं असतं, धोक्याचं नसतं.

माहेर_अमरावती
दोन रिव्ह्यू जानेवारीचे, एक डिसेंबरचा. एकात शब्दशः आहे, "रूममध्ये मस्त शेगडी दिली होती." अंगावर काटा आला, भुतापेक्षा जास्त.

घाबरट_मांजर
डॉक्टरताई, हे पटलं. पण खानसाम्याने दिलेला चहा कोणत्या गॅसने झाला ते राहिलंच. कप सकाळी टेबलावर होता.

कुंदा_डॉक्टर
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही 🙂

सिपनाकाठी
मी धारणी तालुक्यातला, कोरकू आहे. फार लिहीत नाही इथे, पण हा बंगला मला माहीत आहे, माझे आजोबा त्या बागेत मजुरीला जायचे, पायथ्याच्या गावात आमची सोयरीक आहे.

गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला मडमेबद्दल विचारा, त्याला माहीत नाही. हॉटेल झाल्यावरच ती आली. गावात जे सांगतात ते पंखेवाल्याचं. त्या मोठ्या खोलीच्या भिंतीत छताखाली एक भोक आहे, तळहाताएवढं, त्याच्या आत लाकडी कप्पी. आधी छताला लांब कापडी झालरीचा पंखा टांगलेला असायचा, त्याची दोरी या कप्पीवरून भोकातून बाहेर व्हरांड्यात, आणि तिथे जमिनीवर बसून एक माणूस ओढायचा, दिवसभर, रात्रभर. हात भरून आले की उताणा पडून दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पाय हलवत राहायचं. भोकाच्या खालच्या काठावर दोरीने घासून घासून खाच पडली आहे, बोट बसतं तिच्यात.

तर सांगतात, मे महिना होता, दुपारी त्याचा डोळा लागला. पंखा थांबला. आतला साहेब घामाने उठला, बाहेर आला आणि पोटात लाथ घातली. माणूस तिथेच गेला. तेव्हापासून मे महिन्याच्या दुपारी कप्पी वाजते. रात्री नाही, दुपारी. आजोबांच्या वेळेला बागेतले लोक दुपारी त्या व्हरांड्यात झोपत नसत. घाबरून असं नाही, त्याची जागा आहे म्हणून.

आमच्यात माणूस गेल्यावर त्याच्या नावाचा लाकडी मुंडा उभा करतात, चंद्र-सूर्य कोरलेला. तो कोण होता, कुठून आणला होता हेच कोणाला माहीत नाही, मग मुंडा कोण उभा करणार. कप्पी वाजते ती त्यासाठी, असं आजोबा म्हणायचे.

माहेर_अमरावती
बापरे. रिव्ह्यूमधला कर्र कर्र!

शंकासुर
गोष्ट मनाला लागली. पण एका लाथेत माणूस मरतो का? यात पण मीठमसाला असणार.

कुंदा_डॉक्टर
@शंकासुर, मरतो. सारखा सारखा मलेरिया झालेल्या माणसाची पानथरी (प्लीहा) सुजून मोठी होते, बरगडीच्या खाली हाताला लागते. तिच्यावर मार बसला तर फुटते आणि आतल्या आत रक्तस्राव. मेळघाटचा आणि पायथ्याचा मलेरिया किती जुना आहे हे मी सांगायला नको.

जुनी_कागदं
आणि याचे खटले झालेले आहेत. १८७६ चं आग्र्याचं प्रकरण प्रसिद्ध आहे. फुलर नावाच्या गोऱ्या वकिलाने आपल्या नोकराला मारलं, नोकर पानथरी फुटून मेला आणि मॅजिस्ट्रेटने दंड केला तीस रुपये. व्हाइसरॉय लिटनने त्यावर जाहीर ताशेरे ओढले तर गोरा समाज लिटनवरच उखडला. 'पानथरी आधीच सुजलेली होती' हा तेव्हा ठरलेला बचाव होता. त्यामुळे पायथ्याच्या या बंगल्यात तसं झालंच असेल याचा कागद माझ्याकडे नाही, पण अशी गोष्ट हवेतून येत नाही.

मला राग याचा येतो की हॉटेलवाल्यांकडे भिंतीत कप्पी आहे, खाच आहे, गावात माणसं आहेत, आणि त्यांनी विकायला काढली काय तर कोणत्यातरी इंग्रजी पिक्चरातली गाऊनवाली. आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या बंगल्यात मडमेचंच भूत का असतं? झाडूवाला, भिस्ती, सामान डोक्यावर घेऊन घाट चढणारे बिगारी, यातला कोणी भूत व्हायच्या पण लायकीचा नाही का?

तर्रीबाज
आज जोक नाही करत.

नागपूरकर_काका
कागद, या एका मुद्द्यावर पूर्ण मार्क.

घाबरट_मांजर
माझा खानसामा होता की! तो काय मडम होता?

जुनी_कागदं
मांजरताई, खरंच की. खानसाम्याला मानाने यादीत घेतो.

गर्डर_गुरू
आवाजाचं तांत्रिक सांगतो. मे महिन्यात दुपारी तापलेल्या भिंतीच्या बाजूने गरम वारा भोकात शिरतो, लाकडी कप्पी वाळून खिळखिळी झालेली, तिच्या लोखंडी दांड्यावर हलते आणि कुरकुरते. सागवानी दारं-चौकटी पण दुपारी तापताना आणि रात्री निवताना तडकल्यासारख्या वाजतात. भोक चिंधीने बंद केलं तर आवाज थांबेल.

सिपनाकाठी
थांबेल. एकदा कोणीतरी बंद केलं होतं. आजोबांनी चिंधी काढून टाकली, म्हणाले त्याला पण हवा लागते.

परतवाड्याचा_भाऊ
दादा, आमच्या बुढीनं पण हे असंच सांगतलं होतं, मी लहानपणी इसरून गेलो. म्हने दुपारी तथी जाऊ नको, कोणी निजलेला असते. मले वाटे चौकीदार निजला असते.

नवा_पाहुणा
असे हॉरर वॉक कायद्याने चालतात का? जादूटोण्याच्या कायद्यात बसत नाही का हे?

शंकासुर
२०१३ चा कायदा भूत उतरवतो म्हणून मारहाण करणाऱ्या, अघोरी प्रकार करणाऱ्या, चमत्काराच्या नावाने फसवणाऱ्या भोंदूंसाठी आहे. तिकीट लावून गोष्टी सांगणं गुन्हा नाही. वेलस्लीला इथे राहायला लावणं हा असायला हवा होता.

नवा_पाहुणा
आणि चकव्याचं काय? मेळघाटात चकवा लागतो म्हणतात, माणूस रात्रभर एकाच जागी फिरतो.

रानपिंगळा_उडाला
चकव्याला वेगळा धागा काढा, इथे पंखेवाल्याचं चाललंय. अंधारात खूण दिसत नसली की माणूस गोल फिरतो एवढं सांगून थांबतो, मला स्वतःला लागला आहे, सेमाडोहच्या जवळ, आणि लाज वाटेल इतक्या छोट्या माळावर.

माहेर_अमरावती
मंडळी, अपडेट. हा सगळा धागा प्रिंट काढून बाबांना दिला, फोनवर वाचत नाहीत ते. त्यांचा निकाल: साल, वास्तव्य, वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्याचं आणि मालगुजार, चारही बरोबर. 'जुनी कागदं' यांच्या मालगुजाराच्या शंकेवर लाल पेनने 'विचार करण्यासारखे' असं लिहिलंय, हा त्यांच्याकडून मिळणारा सगळ्यात वरचा शेरा आहे, मला कधी मिळाला नाही.

पंखेवाल्याचं आईने दोनदा वाचलं. म्हणाली मडमेची भीती गेली. आता मोठी खोलीच पाहिजे म्हणतेय, भोकवाली. मे महिना नाही तर डिसेंबर आहे, त्यामुळे काही वाजणार नाही हे सांगितलं तर जरा नाराजच झाली.

बुकिंग केलं. हॉरर वॉक नको आणि शेगडी नको असं दोन्ही लेखी दिलंय. मॅनेजरने विचारलं मॅडम, मग एक्स्पीरियन्स काय घेणार? पाटीबद्दल बाबा स्वतः त्यांच्याशी 'दोन शब्द' बोलणार आहेत. मॅनेजरसाठी प्रार्थना करा.

तर्रीबाज
खरा हॉरर वॉक आता मॅनेजरचा.

सिपनाकाठी
ताई, जमलं तर सकाळी बागेच्या मागच्या बाजूने गावात जा. मी आत्याचा नंबर खाजगी निरोपात देतो, ती काकांना आणखी सांगेल, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि दुपारी बोलवेल, जेवल्याशिवाय सोडत नाही.

माहेर_अमरावती
नक्की जाणार. बाबा आत्तापासूनच वही शोधताहेत.

परतवाड्याचा_भाऊ
आन हॉटेलात जेवू नका बरं, फालतू पनीर-बिनीर देते. एक दिवस आमच्या घरी या, बागेत पानगे अन् वांग्याची भाजी करू, काकांच्या पन्नाशीची पार्टी आपल्याकडून. किती लोक हाय ते सांगजा, गोवऱ्या त्या हिशोबानं लावा लागते.

घाबरट_मांजर
मी पण येऊ का? रात्री थांबणार नाही.

परतवाड्याचा_भाऊ
या ना ताई. चहा मीच देईन, सकाळी चौकीदाराले विचारून घ्या मी जिता हाय का नाही ते.

सहज_आलो
रूमचं भाडं किती आहे? स्विमिंग पूल आहे का?

शंकासुर
वर वाचा.